वाटेवरचं पनवेल, वाट बंद झाली तेव्हा

पनवेल पाहायला म्हणून फारसं कोणी येत नाही. पनवेलवरून जातात मात्र सगळेच. गोव्याला, अलिबागला, पुण्याला, पालीच्या बल्लाळेश्वराला, महडच्या वरदविनायकाला, कार्ल्याच्या एकवीरेला. कोकणातला चाकरमानी गावी निघाला की पनवेल सुटल्यावरच त्याला मुंबई मागे पडल्यासारखी वाटते. या जाणाऱ्यांच्या चहा-नाश्त्यावर, रात्रीच्या मुक्कामावर आणि गाडीच्या भाड्यावर या गावाने पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. म्हणूनच करोनाच्या महासाथीने पर्यटनाचं काय केलं हे समजून घ्यायला गोवा किंवा महाबळेश्वर पाहून पुरत नाही. तिथे पाहुणा येणं थांबलं. इथे रस्ताच थांबला.

रस्ता वळला की गाव कसं सुकतं, हे पनवेलने पूर्वीही भोगलं आहे. रेल्वे नव्हती त्या काळात मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे बोरघाट चढून पुण्याला जायचा. १८३० मध्ये घाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि पनवेलच्या पेठेला बरकत आली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली, ती राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. मग १८६३ मध्ये आगगाडी कल्याण-कर्जतवरून बोरघाट चढली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला न येताच परस्पर जाऊ लागला. गावाची ती जुनी वर्दळ परतायला मोटारींचं युग यावं लागलं. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून पूर्ण सुरू झाला, तोवर पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याचं नाव कोकणच्या प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी रुळलेलं होतं. तिथल्या ‘दत्त स्नॅक्स’वर थांबल्याशिवाय ज्यांचा गावचा प्रवास सुरू होत नाही, अशी कुटुंबं मुंबई-ठाण्यात असंख्य आहेत.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी या रस्त्यावर पडली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. हॉटेलधंद्याची एक अडचण बाहेरच्याला चटकन कळत नाही. कापडाच्या दुकानात आज न खपलेलं ठाण उद्या खपतं. आज रिकामी राहिलेली लॉजची खोली उद्या दोनदा विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेलीच. जागेचं भाडं, विजेचा स्थिर आकार, परवान्यांची फी, कर्जाचा हप्ता हे मात्र खोली रिकामी आहे म्हणून थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत चालली, पण त्या काळातलं व्याज चढतच राहिलं. कर्ज काढून टुरिस्ट गाडी घेतलेल्या चालकाला हे गणित हॉटेलमालकापेक्षाही जड गेलं. गाडी दारात उभी असली तरी विमा आणि हप्ता चुकत नाही.

सगळ्यांत आधी कोसळली ती माणसं. महामार्गावरच्या हॉटेलांचं स्वयंपाकघर वस्तादाच्या हातात असतं. हा वस्ताद, त्याच्या हाताखालची पोरं, टेबलं पुसणारा, भांडी घासणारा यांतले कित्येक उडुपीकडचे, उत्तर प्रदेशातले, बिहारचे, ओडिशाचे, नेपाळचे. ते राहतात हॉटेलच्याच माळ्यावर आणि जेवतात तिथेच. हॉटेल बंद झालं, तेव्हा एका दिवसात त्यांचा पगार, छप्पर आणि ताट ही तिन्ही गेली. काही मालकांनी माणसं सांभाळली, धान्य भरून दिलं. सगळ्यांना ते झेपणारं नव्हतं. मे महिन्यात पनवेल स्थानकातूनही श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. ज्यांना त्या गाड्यांत जागा मिळाली नाही, ते द्रुतगती मार्गाच्या कडेने चालत निघाले. या रस्त्यावर ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना जेवू घातलं, त्यांना त्याच रस्त्यावर कोणी पाणी देईल का, अशी वेळ आली.

पनवेलमधली करोनाची बाधा सुरुवातीपासूनच चिंतेची होती. एप्रिलच्या पहिल्या दिवसांतच मुंबई विमानतळावर तैनात असलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान इथे बाधित आढळले. उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं, आणि कोन गावातल्या मोठ्या गृहसंकुलात विलगीकरण केंद्र उभं राहिलं. परदेशांतून परतणाऱ्यांना मे महिन्यापासून हॉटेलांत स्वखर्चाने विलगीकरणात राहावं लागत होतं. त्यामुळे मुंबई-नवी मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांना थोडा तरी धंदा मिळाला. पनवेलच्या जुन्या लॉजच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

राज्य सरकारने ८ जुलै २०२० पासून निवासाची हॉटेलं ३३ टक्के क्षमतेने उघडायला परवानगी दिली. त्याच जुलैच्या पहिल्या आठवड्यात पनवेल महापालिकेने रुग्ण वाढल्यामुळे पुन्हा कडक टाळेबंदी लावली होती. कागदावर मुभा आली, दारावरचं कुलूप तसंच राहिलं. पुढे उपाहारगृहांना ५ ऑक्टोबरला ५० टक्क्यांची परवानगी आली. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ म्हणत सगळं पुन्हा बंद झालं; फक्त पार्सल उरलं. शहरातल्या हॉटेलांना पार्सलने तगवलं. महामार्गावरच्या हॉटेलाला पार्सलचा काय उपयोग? तिथे माणूस पाय मोकळे करायला उतरतो, मुलाला तोंड धुवायला नेतो, घटकाभर टेकतो. वडा हे त्या थांब्याचं निमित्त असतं. सरसकट नियम करताना हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गणेशोत्सवाचं उदाहरण घ्या. २२ ऑगस्ट २०२० ला गणेश चतुर्थी होती. एरवी त्याआधीचा आठवडा म्हणजे पळस्प्याची दिवाळी. त्या वर्षी एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सर्वांसाठी २० ऑगस्टला सुरू झाली, खासगी गाडीला ई-पास लागत होता, आणि १२ ऑगस्टच्या आत गावी पोचणाऱ्याला १० दिवस विलगीकरणात काढायचे होते. जे गेले ते घरून डबे बांधून आणि वाटेत शक्यतो न उतरता गेले. पुढच्या वर्षी थोडी हालचाल दिसू लागली, तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या संपामागेही महासाथीत थकलेले पगार हे एक मोठं दुखणं होतंच. राज्यातले निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, उठले. पनवेलच्या बस आगारासमोरच्या चहावाल्याचा पाडवा त्यानंतरही काही आठवडे लांबणीवर होता.

पाहुणचाराच्या धंद्यात आपण लग्नं सहसा धरत नाही. पनवेल-उरण पट्ट्यात ती धरलीच पाहिजेत. आगरी समाजाची हळद ही इथली सर्वांत मोठी पंगत. मंडपवाले, आचारी, बँडवाले, बँजो पार्टी, घोडीवाले, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारिणी, मटणवाले, हॉल आणि लॉन्स चालवणारे, अशी भलीमोठी साखळी एप्रिल-मे या दोन महिन्यांत वर्षाची बेगमी करते. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती २५ माणसं आणि दोन तासांवर आली, मोडली तर ५० हजारांचा दंड. दोन सलग उन्हाळे असे गेले. बँजो वाजवणाऱ्या पोराने भाजीची गाडी लावली, आचाऱ्याने कंपनीत हेल्परची नोकरी धरली. त्यांतले काही धंद्यात परतले नाहीत. त्यांचं काम देशाच्या पर्यटनाच्या कोणत्याच हिशेबात बसत नसल्याने त्यांचं नुकसानही कुठे मांडलं गेलं नाही.

देशाचा हिशेब मात्र झाला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयासाठी राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने केलेल्या अभ्यासानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत पर्यटनातले १ कोटी ४५ लाख रोजगार गेले, पुढच्या तिमाहीत ५२ लाख आणि त्यापुढच्या तिमाहीत १८ लाख. भारतात येणारे परदेशी पर्यटक २०१९ मधल्या सुमारे १ कोटी ९ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे २७ लाखांवर आले. जगभरचा आंतरराष्ट्रीय प्रवास त्या वर्षी जवळजवळ तीन चतुर्थांश घटला. हे आकडे मोठे आहेत, आणि खरेही आहेत. पण परदेशी पाहुण्याचा आकडा पासपोर्टवरून निघतो. पळस्प्याला वडा खाऊन पुढे गेलेल्या कुटुंबाचा आकडा कोण काढणार?

पनवेलच्या पूर्वेला दुसरंच चित्र आहे. माथेरानच्या डोंगररांगेला लागून प्रबळगड आणि कलावंतीण दुर्ग उभे आहेत. पायथ्याला ठाकूरवाडी आणि मध्यावर प्रबळमाची. महासाथीच्या आधीच्या काही वर्षांत समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांमुळे कलावंतिणीच्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी रांगा लागू लागल्या आणि माचीवरच्या आदिवासी कुटुंबांनी घरातच पाहुणे ठेवायला सुरुवात केली. अंगणात तंबू, चुलीवरची भाकरी, पिठलं, सोबत वाट दाखवणारा घरचाच मुलगा. मुंबईला कामाला न जाता घरी बसून रोख पैसा हाती येण्याची या वस्तीवरची ही पहिलीच संधी होती. ती टाळेबंदीने एका झटक्यात काढून घेतली. कर्नाळा अभयारण्याच्या दाराशी ताक, काकडी, करवंदं विकणाऱ्या बायकांचंही तेच झालं.

फार्महाऊसची गोष्ट थोडी वेगळी. त्या टाळेबंदीत सलमान खान पनवेलजवळच्या आपल्या फार्महाऊसवर मुक्कामाला होता, तिथे त्याने गाणंही चित्रित केलं, आणि पनवेलचं फार्महाऊस देशभर बातम्यांत गाजलं. निर्बंध सैल होताच चौकोनी घरांना कंटाळलेल्या मुंबईकरांनी नेरे, मालडुंगे या बाजूचे बंगले शनिवार-रविवारी भाड्याने घ्यायला सुरुवात केली. हॉटेलच्या सामाईक जेवणघरापेक्षा आपलाच बंगला, आपलंच कुंपण सुरक्षित वाटत होतं. लॉज ओस पडलेले असताना बंगल्यांना मागणी आली, ही या काळातली खरी उलथापालथ. तिचा पैसा बराचसा बंगल्याच्या मालकाकडे आणि बुकिंगच्या ॲपकडे गेला. तिथे राखण करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या गावच्या कुटुंबाचा पगार त्या प्रमाणात वाढला नाही.

रायगडचं दुखणं एकट्या करोनाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्या वाड्यांतल्या घरगुती निवासांची छपरं उडाली. पाहुणा नाही, आणि तो आला तरी ठेवायला खोली नाही, अशी दुहेरी कोंडी. किनाऱ्यावरचं पर्यटन उभं राहिलं नाही तर पनवेलच्या रस्त्यावर गाड्या येत नाहीत. म्हणजे तिकडचं वादळ इकडच्या गल्ल्यापर्यंत पोचलंच.

मदत आली नाही असं म्हणता येणार नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने नोंदणीकृत पर्यटक मार्गदर्शकांना एक लाख आणि प्रवासी संस्थांना दहा लाखांपर्यंत हमीचं कर्ज जाहीर केलं. देशभरातले १०,७०० मार्गदर्शक आणि मान्यताप्राप्त प्रवासी संस्था त्याच्या कक्षेत होत्या. राज्याने हॉटेल उघडण्यासाठी लागणारे ७० परवाने १० वर आणले, एप्रिल २०२१ पासून आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. हे निर्णय चांगले होते आणि त्यांचं श्रेय द्यायला हवं. पण यांतल्या बहुतेकांच्या दारावर एकच अट लिहिलेली होती: नोंदणी. प्रबळमाचीवर वाट दाखवणारा मुलगा त्या १०,७०० मध्ये नव्हता. हॉटेलच्या माळ्यावरचा वस्ताद हजेरीपटावर नव्हता. ज्याच्याकडे कागद होता त्याला कर्ज तरी मिळालं. ज्याच्याकडे तो नव्हता त्याने मंगळसूत्र गहाण ठेवलं. महासाथीने पनवेलला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी रोगाविषयी बोलण्याआधी या कागदाविषयी बोलेन.

आता वाट पुन्हा भरून वाहते आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पनवेलच्या अंगणात मोठी हॉटेलं येणार, जमिनीचे भाव चढणार, तरुणांना नोकऱ्या मिळणार. ते व्हायलाच हवं. मात्र विमानाने येणारा पाहुणा साथीच्या बातमीने सर्वांत आधी थांबतो, हे २०२० ने दाखवलं आहे. पुढची साथ येईल तेव्हा या नव्या नोकऱ्याही तितक्याच वेगाने जाऊ शकतात.

म्हणून पनवेल महापालिकेने, ग्रामपंचायतींनी आणि पर्यटन संचालनालयाने आत्ताच एक काम हाती घ्यावं. महामार्गावरचा प्रत्येक कामगार, माचीवरचं प्रत्येक घर, मंडपवाला, आचारी, टुरिस्ट गाडीचा चालक यांची नोंद त्यांच्या दारात जाऊन करावी. निवास आणि न्याहारीची सरकारी योजना अस्तित्वात आहेच. तिचा अर्ज प्रबळमाचीवर पोचवायला एक दिवस पुरतो. आणि वाचकहो, तुम्ही या दिवाळीच्या सुट्टीत गावी किंवा गडावर निघाल तेव्हा पळस्प्याला घटकाभर थांबा, माचीवर गेलात तर गावकऱ्याच्याच घरी उतरा, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या, आणि निघताना त्या घराला विचारा की तुमची नोंदणी झाली आहे का. झाली नसेल तर तो अर्ज भरून देण्याइतकं शिक्षण आपल्यापैकी प्रत्येकाकडे आहे.