अडखळणारें इंजिन

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील वालूर हें गांव तेथील चक्राकार बारवेसाठीं ओळखलें जातें. तिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. एके काळीं अशा गांवीं पाणी घागरीनें आणि मोटेनें वर येई. आतां मराठवाड्याच्या शिवारांत पुष्कळशीं कामें लहानशा पेट्रोल इंजिनावर होतात. बांधावरचें गवत कापावयाचें असो, पिकावर औषध फवारावयाचें असो, कीं ओढ्याचें पाणी उपसावयाचें असो, तेंच कामीं येतें. शहरांत बंगल्यापुढची हिरवळ कापणाऱ्या यंत्रावरहि त्याच जातीचें इंजिन असतें. दोघांची बिघडण्याची रीत एकच. नुकसान मात्र सारखें नाहीं. हिरवळ आठ दिवस वाढली तर बागेची शोभा थोडी उणावते. काळ्या जमिनींत दोन पावसांमध्यें वापसा येतो तो मोजक्या दिवसांचा; तेवढ्यांत इंजिन अडून बसलें, तर तण पिकावर मात करतें.

इंजिनास चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें मिश्रण कार्ब्युरेटर करतो, दट्ट्या तें दाबतो आणि प्लगची ठिणगी तें पेटविते. इंजिन अडखळूं लागतांच पुष्कळ लोक प्रथम कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवितात. मूळ दोष दुसरीकडे असला, तर अशा वेळीं एकाचे दोन दोष होतात. वैद्य आधीं नाडी पाहतो आणि मग मात्रा देतो. येथेंहि तोच क्रम हवा.

लक्षणें बोलकीं असतात. धूर काळा आणि प्लगचें टोक काजळलेलें असेल, तर हवा कमी पडत आहे. हवेची गाळणी धुळीनें भरली असेल, किंवा चोक उघडावयाचा राहिला असेल. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यांत धुऊन, वाळवून, तेलाचे थेंब देऊन पिळावी. कागदी गाळणी धुऊं नये, झटकावी किंवा बदलावी. चोक लावला असतांनाच इंजिन चालतें आणि काढतांच बंद पडतें, तर इंधन अपुरें येत आहे. कांहीं मिनिटें नीट चालून थांबतें आणि टाकीचें टोपण सैल करतांच पुन्हां चालतें, तर टोपणांतील हवेचें छिद्र बुजलें आहे. धूर निळसर असेल, तर तेल जळत आहे.

यांत सर्वांत अधिक वेळां आढळणारा अपराधी म्हणजे शिळें पेट्रोल. भारतांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २०१४ सालीं दीड टक्क्याच्या आसपास होतें. २०२५ सालीं तें २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. पाणी फार झालें म्हणजे तें इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशींच असते. जुन्या यंत्रांतील रबरी भागांनाहि इथेनॉल मानवत नाहीं. शिवाय महिनोन् महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. म्हणून आधीं टाकी रिकामी करून ताजें पेट्रोल भरावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर कार्ब्युरेटर उघडून तीं छिद्रें द्रावणानें व हवेच्या फुंकरीनें साफ करावीं. त्यांत टोकदार तार घालूं नये. छिद्र किंचित् मोठें झालें तरी मिश्रणाचें माप कायमचें बिघडतें.

मग प्लग पाहावा. बहुतेक लहान चार-फेरी इंजिनांत त्याच्या दोन टोकांतील अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. दोरी ओढतांना नेहमीचा जोर लागला नाहीं, तर दाब गळत आहे. तें काम कारागिराचें. हिरवळीच्या यंत्राचें पातें दगडावर आदळल्यानंतर इंजिन बिघडलें असेल, तर चाकाखालची मऊ धातूची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव असतो.

पात्यास हात लावण्यापूर्वीं प्लगची तार काढावी. पेट्रोल हाताळतांना जवळ विस्तव नसावा. बंद खोलींत इंजिन चालवूं नये, कारण त्याचा धूर प्राणघातक असतो.

हंगाम संपतांच टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरांतलें पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच तें ठेवावें. या कामास अर्धा तासहि लागत नाहीं. परंतु पुढच्या आषाढांत वापसा येईल तेव्हां दोरीच्या पहिल्या दुसऱ्या हिसक्यास इंजिन सुरू होईल, आणि शेतकऱ्याचा मोलाचा दिवस वांचेल.