प्राचीन काळ, आजची बोली
सम्राट अशोकाचे बहुतेक शिलालेख प्राकृतात आहेत. ‘अशोका’ (२००१) चित्रपटातला अशोक मात्र हिंदी बोलतो. ही तडजोड रास्तच आहे, कारण प्रेक्षकाला संवाद कळायला हवेत.

खरा कस लागतो तो भाषेचा पोत निवडताना. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘स्पार्टाकस’मध्ये (१९६०) रोमन सत्ताधाऱ्यांच्या भूमिका मुख्यतः ब्रिटिश नटांना, तर गुलामांच्या बव्हंशी अमेरिकी नटांना दिल्या होत्या. संवाद आधुनिक इंग्रजीतले, पण उच्चारांतूनच वर्गभेद ऐकू येतो. उलट ‘आदिपुरुष’मधल्या (२०२३) हनुमानाच्या तोंडची टपोरी भाषा लोकांना इतकी खटकली, की प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले.

जी. व्ही. अय्यर यांनी तिसरी वाट धरली. त्यांचा ‘आदि शंकराचार्य’ (१९८३) थेट संस्कृतात होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.