वागळे: चौकटीतून घरात आलेला माणूस

आर. के. लक्ष्मण यांच्या ‘यू सेड इट’ या व्यंगचित्रातला सामान्य माणूस कधी बोललाच नाही. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घालून तो उभा होता. मंत्री बोलत, साहेब बोलत. तो नुसता बघत राही. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ सुरू झाली. लक्ष्मण यांच्या पात्रांवर बेतलेल्या या मालिकेने त्या बघ्याला मराठी आडनाव दिलं, कारकुनी दिली, संसार दिला आणि मुख्य म्हणजे आवाज दिला.

हे काम अवघड होतं. व्यंगचित्र एका क्षणात संपतं; पुढे काय झालं, ते वाचकाने ओळखायचं. मालिकेला ते ‘पुढे’ दाखवावंच लागतं. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सच्या या मालिकेचे दिग्दर्शक कुंदन शाह यांच्या गाठीशी ‘जाने भी दो यारों’ आणि ‘नुक्कड’ होते. साध्या माणसाची फजिती दाखवावी, पण त्याला हिणवू नये, हे त्यांना नेमकं जमत असे. एका भागात वागळेंना गाडीची धडक बसते. गाडी चालवणारा तरुण म्हणजे तेव्हा नवखा असलेला शाहरुख खान.

‘इप्टा’च्या रंगभूमीवर घडलेले अंजन श्रीवास्तव वागळे झाले. बँकेतली नोकरी सांभाळून अभिनय करणाऱ्या या नटाला महिनाअखेरीची ओढाताण शिकवावी लागली नसणार. त्यांची बायको राधिका झाल्या भारती आचरेकर, गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. नवऱ्याचा भित्रेपणा आणि सचोटी दोन्ही ओळखून असलेली बायको त्यांनी उभी केली.

ठाण्याजवळच्या कळव्यात राहणाऱ्याला वागळेंचं घर परकं वाटत नाही. जलद लोकल इथे थांबत नाहीत. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून माणसं जीव धोक्यात घालून थेट कारशेडमध्ये जाऊन गाडी पकडतात. लक्ष्मण यांना एवढ्यावर चित्र काढता आलं असतं. वागळेंची गोष्ट मात्र तो माणूस रात्री घरी पोचल्यावर सुरू होते: दमलेलं अंग, पोरांची फी, सोसायटीची मीटिंग, आणि तरीही कोणाशी लबाडी न करण्याचा हट्ट.

२०२१ मध्ये सोनी सबवर मालिका नव्याने आली. मूळ जोडी आता आजी-आजोबा, मुलगा राजेशच्या भूमिकेत सुमीत राघवन. काळ बदलला, पण सूत्र तेच राहिलं: हसायचं ते अडचणीला, माणसाची अब्रू राखून. विनोदी मालिका लिहू पाहणाऱ्याने वागळेंकडून आधी हेच शिकावं.