‘प्रभुभोजन’ आणि पंक्तिप्रपंच

ख्रिस्ती मंडळीने उपासनेखेरीज सहभोजने, मेळावे किंवा करमणुकीचे कार्यक्रम योजावेत काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु शास्त्रवचन हेच ज्यांना अंतिम प्रमाण आहे, त्यांच्यापुढे तो अर्थनिर्णयाचा प्रश्न म्हणून उभा राहतो. अमेरिकेतील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथात १९५० नंतरच्या काळात अशाच प्रश्नांवरून फूट पडली. मंडळीच्या निधीतून अनाथाश्रमांस साहाय्य द्यावे काय आणि मंडळीच्या पैशाने भोजनाची व मेळाव्याची दालने बांधावीत काय, हे त्या वादातील विषय होत. तेव्हा निराळ्या झालेल्या मंडळ्या आजही निराळ्याच आहेत. शब्दाच्या अर्थावर किती मोठा भार पडू शकतो, याचे हे एक उदाहरण होय.

अशा कार्यक्रमांना विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार करिंथकरांस पहिले पत्र ११:२२ हा आहे. खाण्यापिण्यास स्वतःची घरे असताना हे काय चालविले आहे, अशा आशयाचा प्रश्न पौल तेथे विचारतो. यावरून भोजन हे घराचे काम आणि उपासना हे मंडळीचे काम, असा निष्कर्ष काढण्यात येतो. समर्थक उलट प्रेषितांची कृत्ये २:४६ मधील घरोघरच्या भोजनाकडे आणि यहूदाच्या पत्रातील प्रीतिभोजनांच्या उल्लेखाकडे बोट दाखवितात. वाद स्थळाचा आहे, हे उभय पक्षांनी गृहीत धरले आहे. मूळ ग्रीक शब्दयोजना पाहिली असता हे गृहीतच डळमळीत असल्याचे दिसून येते.

प्रथम ‘मंडळी’ हा शब्द घेऊ. मराठी बायबलात तो ग्रीक ‘एक्क्लेसिआ’ या शब्दासाठी योजलेला आहे आणि तो सर्वस्वी यथार्थ आहे. एक्क्लेसिआ म्हणजे जमलेली माणसे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस येथील नागरिकांच्या गोंगाट करणाऱ्या जमावालाही हाच शब्द लावला आहे. वास्तू हा अर्थ त्यास पुढे चिकटला. पोर्तुगीज ‘इग्रेजा’ आणि त्यावरून आलेला कोंकणीतील ‘इगर्ज’ हे शब्द त्याच एक्क्लेसिआचे वंशज असून आज ते इमारतीचे वाचक आहेत. पौलाने हे पत्र इ. स. ५०-६० च्या दरम्यान लिहिले, तेव्हा करिंथात मंडळीची निराळी इमारत असल्याचे दिसत नाही. रोमकरांस पत्र १६:२३ मध्ये गायस हा सर्व मंडळीचा यजमान म्हटला आहे. सिरियातील दुरा-यूरोपॉस येथील उपासनास्थानही मुळात राहते घरच होते. इ. स. २४० च्या सुमारास मधली भिंत पाडून तेथे सभेसाठी मोठी खोली करण्यात आली. तेव्हा ‘घरी जेवा, मंडळीच्या वास्तूत जेवू नका’ असा अर्थ पौलाच्या वाक्यात वाचणे म्हणजे पुढील काळातील वास्तू मागील काळावर लादणे होय.

मग पौलाचा विरोध कशाला आहे? वचन २० व २१ मध्ये त्याने दोन विशेषणे समोरासमोर ठेवली आहेत. एक ‘कुरिआकॉन देइप्नॉन’, म्हणजे प्रभूचे भोजन; दुसरे ‘इदिऑन देइप्नॉन’, म्हणजे ज्याचे त्याचे भोजन. पहिले विशेषण नव्या करारात अवघ्या दोन ठिकाणी येते. इंग्रजी ‘चर्च’ हा शब्द त्याच्याच कुळातील आहे. एक जण उपाशी राहतो आणि दुसरा मद्याने धुंद होतो, ही पौलाची तक्रार आहे. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, हा त्याचा आरोप आहे. जेरोम मर्फी-ओ’कॉनर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रोमन घराच्या रचनेवरून याची उपपत्ती सुचविली आहे. भोजनदालनात सुमारे नऊ जणांची सोय होत असे. बाकीच्यांना चौकात बसावे लागे.

या दोषाला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना आपपरभाव करणे, हा त्याचा मूळ अर्थ. पौलाने दूषण दिले ते पंगतीला नव्हे, पंक्तिप्रपंचाला.

तथापि यावरून समर्थकांचा पक्ष सर्वस्वी सिद्ध होतो, असेही नाही. नुसती भूक भागवायची असेल तर घरीच जेवावे, असे वचन ३४ मध्ये पौल सांगतो. म्हणजे एकत्र येण्याचा हेतू उदरभरणाहून निराळा आहे. शिवाय मेळाव्याच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा ‘कोइनोनिआ’ हा शब्द केवळ गप्पागोष्टींचा वाचक नाही. मराठीत त्यासाठी ‘सहवास’ आणि ‘सहभागिता’ असे दोन्ही शब्द योजले गेले आहेत. त्यांपैकी दुसरा मूळ अर्थास अधिक जवळचा आहे. रोमकरांस पत्र १५:२६ मध्ये तर यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी गोळा केलेल्या द्रव्यालाच कोइनोनिआ म्हटले आहे. ज्या चहापानात कोणाचा वाटा कोणाला मिळत नाही, त्याला हा शब्द लावता येणार नाही.

कृत्ये ६:१-४ हा उतारा या दृष्टीने निर्णायक वाटतो. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होऊ लागली. येथे पंक्तिप्रपंच भाषेच्या सीमेवरून झाला, हे भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे. त्यावर प्रेषितांनी वाटप बंद केले नाही. सात जण नेमून ते नीट केले. वचनाची सेवा आणि पंगतीची सेवा या दोहोंना तेथे ‘दिआकोनिआ’ या एकाच धातूचे शब्द लावले आहेत. कामे विभागली, पण एक पवित्र व दुसरे लौकिक, असा भेद केला नाही.

हा भेद पुढे आला. चौथ्या शतकातील लावदिकिया येथील धर्मसभेच्या २८व्या नियमाने उपासनामंदिरात प्रीतिभोजने करण्यास मनाई केली. तोवर वास्तूला स्वतःचे पावित्र्य प्राप्त झाले होते. ती मनाई मंडळीच्या इतिहासाचा भाग आहे. पौलाच्या पत्राचा अर्थ तिच्यावरून ठरवता येत नाही.

तात्पर्य, मंडळीने पंगत मांडावी की नाही, याचे उत्तर शास्त्र स्थळ पाहून देत नाही; पान कोणापुढे मांडले, हे पाहून देते. मेजवानीस आप्तांना व धनवान शेजाऱ्यांना न बोलावता दरिद्री, पंगू व आंधळे यांना बोलवावे, असे लूक १४:१२-१४ मध्ये येशू यजमानास सांगतो. या कसोटीस उतरणारे भोजन मंडळीच्या दालनात झाले तरी ते प्रभूचेच होय. न उतरणारे भोजन, आधी कितीही प्रार्थना केली तरी, ज्याचे त्याचेच राहते.