दाजींच्या गाडीतला वायरलेस

सुरतेजवळच्या उधन्याला आमची अक्का दिली, त्याला आता पंचवीस वर्षे झाली. दाजी मूळचे इचलकरंजीचे. मागावर काम करायला म्हणून गेले आणि तिथेच रमले. आज त्यांचे दोन टेंपो आहेत. उधन्याच्या मागावरून ग्रे कापडाचे ताके उचलायचे आणि पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पोहोचवायचे, हा त्यांचा धंदा. उधन्याहून रेल्वेचा एक फाटा नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला जातो. त्यामुळे तिथे खानदेशी मराठी गल्लोगल्ली ऐकू येते. दाजींच्या घरात मात्र त्यात आणखी एका भाषेची भर आहे. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या अव्वा, चिकोडीकडच्या. रागावल्या की कानडीत बोलतात आणि माया आली तरीही कानडीतच.

दर उन्हाळ्यात हे सारे कुटुंब दोन-तीन गाड्या करून निपाणीला येते. अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. तीन वर्षांपूर्वीच्या प्रवासात एक प्रसंग घडला. वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडल्यावर पुढच्या गाडीने घोडबंदरचा डावा फाटा धरला आणि मागची सरळ दहिसरकडे गेली. पुढच्या चालकाचा मोबाइल बंद पडलेला. अव्वा मागच्या गाडीत आणि त्यांच्या इन्सुलिनची थंड पिशवी पुढच्या गाडीत! सुई घेतल्याशिवाय जेवायचे नाही, म्हणून सत्तरी ओलांडलेली ती बाई एका ढाब्यावर तीन तास उपाशी बसून राहिली. पिशवी मिळाली, जेवण झाले, निभावले. पण दाजींच्या मनात ती गोष्ट सलत राहिली.

गेल्या वर्षी मी उधन्याला गेलो, तेव्हा दाजींनी कपाटातून एक खोके काढले. अमेरिकेहून आलेल्या ओळखीच्या माणसाने दिलेला सीबी रेडिओ. वळ्या पडलेल्या वायरीचा माइक, चाळीस चॅनेल, शिवाय टपावर चिकटवायची चुंबकाची अँटेना. असाच आणखी एक संच मागवायचा आणि दोन गाड्यांत बसवायचा, असा बेत होता.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळी ठेवलेली रेडिओलहरींची पट्टी. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झजवळची पट्टी अशी खुली झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, पंपांवर रांगा लागल्या आणि ट्रकवाले एकमेकांना वायरलेसवरून खबर देऊ लागले. तेल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत, रस्ता कुठे बंद आहे. तिथे ९ नंबरचे चॅनेल संकटासाठी राखलेले असते, तर १९ नंबरवर ट्रकवाल्यांच्या गप्पा चालतात. फोनसारखा याला टॉवर लागत नाही, बिलही येत नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचात पोहोचते. मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर ऐकू जाते. डोंगर किंवा इमारती आड आल्या की पल्ला कमी होतो.

संच बसवण्याचे शास्त्र दाजींच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मला छान समजावून सांगितले. त्याचा पहिला प्रश्न होता, "गाडी बारा व्होल्टची की चोवीसची?" छोटा टेंपो आणि जीप बारा व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक बहुधा चोवीसवर. हा संच बाराचा. मधे कन्व्हर्टर न घालता चोवीसला जोडला की संपलाच. वायर सरळ बॅटरीवरून घ्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा, म्हणजे वाटेत वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागत नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे अकरा मीटर लांब. तिची पाव लांबीची अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी! एवढी काठी गाडीवर सोसवत नाही, म्हणून तारेचे वेटोळे घालून ती आखूड करतात. तिला खाली पत्र्याचा मोठा आधार लागतो, म्हणून टपाची मधली जागा उत्तम. आणि अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण कधीही दाबायचे नाही. बाहेर न पडलेली शक्ती परत फिरते आणि संच बिघडवते.

हे सगळे मी वहीत उतरवून घेत होतो, पण मनात शंका होती. आमच्या लहानपणी घरातल्या साध्या रेडिओलासुद्धा पोस्टात जाऊन लायसन काढावे लागे. हा तर बोलणारा रेडिओ! म्हणून नियम शोधून वाचले. आपल्याकडेही २७ मेगाहर्ट्झजवळची पट्टी परवान्याविना वापरता येते, पण जास्तीत जास्त पाच वॅटपर्यंत आणि अँटेना संचातच बसवलेली असेल तर. टपावर वेगळी अँटेना चढवली की ती सूट राहत नाही. शिवाय संचाला सरकारची मान्यता असावी लागते. म्हणजे दाजींचा सारा बेत नेमका टपावरच्या अँटेनापाशी अडकला.

दाजी वैतागले. म्हणाले, "मास्तर, कायदा नका सांगू, वायर कुठं जोडायची ते सांगा. अव्वा उपाशी बसली होती, तुम्ही नव्हता तिथं."

मला उत्तर सुचेना. त्यांचे दुःख खरे होते. शेवटी अक्काच म्हणाली, "अहो, पण पिशवी त्यांच्या गाडीत का नव्हती?"

सगळे गप्प झाले. तीन वर्षे आम्ही फोनला, रस्त्याला आणि चालकाला दोष देत होतो. औषध आजारी माणसाच्या हाताशी हवे, ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्या दिवसापासून इन्सुलिनची पिशवी अव्वांच्या पायाशी असते. हा पहिला नियम झाला. वायरलेसचा नंबर त्याच्या नंतर लागतो.

तरी वायरलेस हवाच होता, कारण फाटा चुकतो तो त्या एका क्षणी. तेव्हा आम्ही हातात धरायचे छोटे वॉकीटॉकी घेतले. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्टीतल्या अशा कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मात्र बाजारात त्यांच्यासारखेच दिसणारे, पण परवाना लागणारे संचही सर्रास मिळतात. ऑनलाइन विक्रीतला हा गोंधळ थांबवण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा घेताना फ्रिक्वेन्सी आणि सरकारी मान्यता, दोन्ही तपासूनच घ्यावे. गाडीत बसून याचा पल्ला एखाद-दोन किलोमीटरच मिळतो, पण मागच्या गाडीला "डावीकडे वळा" सांगायला तेवढा पुरतो.

भाच्याला मात्र आता खऱ्या वायरलेसचे वेड लागले आहे. त्याला मी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यायला सांगितले. बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना ती देता येते. १९९३ च्या किल्लारीच्या आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले होते. तो परवाना धंद्यासाठी चालत नाही, हे दाजींना दोनदा सांगावे लागले.

या उन्हाळ्यात तीन गाड्या निघाल्या. मीही सोबत होतो. चालकाने यंत्र हातात धरायचे नाही, शेजारच्याने बोलायचे. आधी ऐकायचे, मग बटण दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि थोडक्यात सांगायचे. एक बोलत असताना दुसऱ्याचे जात नाही, म्हणून बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे. आमच्या घरात एका वेळी चारजण बोलतात, त्यामुळे ही शिस्त लागायला वापी यावी लागली.

खाडीपूल जवळ आला तशी सगळ्यांची छाती धडधडू लागली. पुढच्या गाडीतून भाच्याचा आवाज आला, "घोडबंदर, डावीकडे, ओव्हर." मागून उत्तर येईना. पुन्हा सांगितले. मग खरखर झाली आणि अव्वांचा आवाज आला, "केळस्तैतेनु? आम्ही वळलो बघा. पिशवी माझ्याजवळच हाय. आतु."

'ओव्हर' हा शब्द काही त्यांच्या तोंडी बसला नव्हता. बोलणे झाले, म्हणून 'आतु'. उधन्यात जन्मलेल्या ज्या नातवंडांना कानडीचा एक शब्द येत नव्हता, ती पनवेलपर्यंत प्रत्येक निरोपानंतर 'आतु' म्हणू लागली. कराडपर्यंत त्यांनी अव्वांकडून 'एडक्क', 'बलक्क' शिकून घेतले, कारण डावे-उजवे सांगायला तेच लागत होते. कोगनोळीचा नाका ओलांडून तिन्ही गाड्या एकामागोमाग निपाणीत शिरल्या. अव्वा वेळेवर जेवल्या होत्या.

अमेरिकेचा तो संच अजून दाजींच्या कपाटात, खोक्यातच आहे.