जपानी युगनामे

जपानी युगनाम (जपानी भाषेत नेंगो किंवा गेंगो) म्हणजे जपानच्या पारंपरिक कालगणनेत वर्षांच्या एका गटास दिलेले अधिकृत नाव होय. वर्षाचा निर्देश युगाचे नाव व त्यातील वर्षाचा क्रमांक अशा जोडीने करतात, उदा. शोवा २० म्हणजे इ.स. १९४५. युगाच्या पहिल्या वर्षास 'गान्नेन' (आरंभवर्ष) म्हणण्याचा प्रघात आहे. शालिवाहन शकाची गणना एकाच आरंभापासून अखंड चालते. येथे मात्र प्रत्येक नव्या नावाबरोबर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे नेंगोस 'शक' म्हणणे काटेकोर ठरत नाही.

उगम

ही पद्धत चीनमधून आली. तेथे हान सम्राट वू याच्या काळात, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, ती रूढ झाली. जपानमधील पहिले युगनाम ताइका (इ.स. ६४५) होय. त्यानंतर काही वर्षे नावाविना गेली, ताइहो (इ.स. ७०१) पासून मात्र परंपरा अखंड आहे.

युगबदलाची कारणे

नवा सम्राट गादीवर येणे हे युगबदलाचे एकमेव कारण नव्हते. पांढरा तितर दरबारी भेट आला म्हणून हाकुची (६५०), तर मुसाशी प्रांतात तांबे सापडले म्हणून वादो (७०८) हे युग जाहीर झाले. भूकंप, साथीचे रोग, आगी यांचे अरिष्ट टळावे म्हणूनही नाव बदलत. साठ वर्षांच्या चक्रातील पहिले व अठ्ठावन्नावे वर्ष उलथापालथीचे मानले जाई व त्या वर्षी बहुधा नवे नाव घेत. सम्राट कोमेइ याच्या सुमारे एकवीस वर्षांच्या राजवटीत सहा वेळा युगबदल झाला.

कालनिश्चितीतील महत्त्व

जपानी इतिहासातील अनेक घटना युगनामानेच ओळखल्या जातात : ओनिन युद्ध (१४६७ पासून), गेनरोकू काळातील संस्कृती, मेइजी पुनःस्थापना. परंतु युगवर्षाचे इसवी सनात रूपांतर करताना केवळ बेरीज पुरत नाही. १८७३ पूर्वीचे जपानी वर्ष चांद्र-सौर असल्याने त्याचा शेवटचा भाग पुढील इसवी वर्षात जातो. आको येथील सत्तेचाळीस रोनिनांचा प्रसिद्ध हल्ला गेनरोकू १५ च्या बाराव्या महिन्यातील आहे. गेनरोकू १५ म्हणजे १७०२ असे धरून ते वर्ष अनेक पुस्तकांत दिलेले आढळते. वास्तविक ग्रेगोरियन गणनेने तो जानेवारी १७०३ च्या अखेरीस झाला.

जुन्या कागदपत्रांच्या परीक्षणातही युगनाम उपयोगी पडते. एखादे नाव जाहीर होण्यापूर्वीच्या मजकुरात ते आढळले, तर दस्तऐवज बनावट किंवा नंतर लिहिलेला असल्याचा संशय येतो. याउलट, युग बदलल्यानंतरही जुने नाव वापरलेले दिसले म्हणून कागद खोटा ठरत नाही. दूरच्या प्रांतांत बातमी पोहोचण्यास वेळ लागे. कधी हा वापर हेतुपुरस्सरही असे. ताइरा घराण्याच्या वर्चस्वाखालील दरबाराने योवा व जुएइ ही युगे जाहीर केली, तरी मिनामोतो नो योरितोमो ११८३ पर्यंत जुने जिशो हेच नाव लिहीत राहिला. कोणते युगनाम लिहावे, हा निष्ठेचाच प्रश्न होता. उत्तर व दक्षिण दरबारांच्या संघर्षात (१३३६–१३९२) तर दोन युगनामे एकाच वेळी चालत.

आधुनिक काळ

१८६८ मध्ये मेइजी युगापासून 'एक सम्राट, एक युग' हा नियम लागू झाला. पुढे ताइशो (१९१२), शोवा (१९२६), हेइसेइ (१९८९) व रेइवा (२०१९) ही युगे आली. १९७९ च्या कायद्याने युगनामास वैधानिक आधार मिळाला. रेइवा हे नाव 'मान्योशू' या जपानी काव्यसंग्रहातून घेतले आहे. त्यापूर्वीच्या ज्या नावांचे मूळ ज्ञात आहे, ती चिनी ग्रंथांतील आहेत.

युगबदल वर्षाच्या मध्येही होत असल्याने एका इसवी वर्षास दोन नावे मिळतात : १९८९ हे १ ते ७ जानेवारी शोवा ६४ व पुढे हेइसेइ १ होते. हेइसेइ युग ३१ व्या वर्षी संपले, तरी आधी दिलेल्या वाहनपरवान्यांवर हेइसेइ ३३ यांसारखी, प्रत्यक्षात कधीच न आलेली वर्षे मुदत म्हणून छापलेली होती व ते परवाने वैध राहिले.