दिवेलागणीपर्यंत टिकणारा मोबाईल कसा निवडावा?



पडवीतला ट्रान्झिस्टर सेल घातले की कितीतरी दिवस चालायचा. स्मार्टफोनचे तसे नाही. सकाळी भरलेला फोन दुपारी शेतात मान टाकतो. गेल्या पावसाळ्यात उघडीप बघून एका शेतकऱ्याबरोबर ई-पीक पाहणीला गेलो होतो. कुणग्याच्या मेरेवर उभे राहून भाताचा फोटो काढायचा, तेवढ्यात ते म्हणाले, "साहेबानू, फोन मेलो!" घरी परत जा, फोन लावून ठेवा, पुन्हा शेतात या, असा अख्खा दिवस गेला. कोकम आगळाच्या पन्नास बाटल्यांची चौकशी ई-मेलने आली होती, तिचे उत्तर रात्री गेले. तोवर गिऱ्हाइकाने माल दुसरीकडे सांगितला होता.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सातबारा, योजनांचे अर्ज, मालाची मागणी हे सगळे आता फोनवर आले आहे. तेव्हा फोन निवडणे हेही पंप निवडण्यासारखेच शेतीचे काम समजावे.

बॅटरी खाते कोण?

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. टाकी मोठी, पण चारी नळ सोडून ठेवले तर ती किती पुरणार? फोनचे मोठे नळ तीन. पहिला पडदा. उन्हात दिसावे म्हणून उजेड वाढवला की तो सर्वांत जास्त वीज ओढतो. दुसरा नेटवर्क. डोंगराआड रेंज कमी असली की दूरचा टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो. तिसरा नळ म्हणजे एकदम चालणारी कामे. पीक पाहणीत कॅमेरा, जागा दाखवणारे जीपीएस आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात, वर पडदा पूर्ण उजेडात. म्हणून फोन नेमका तिथेच मरतो.

विकत घेताना काय बघावे?

१) बॅटरीची क्षमता. खोक्यावर ती एमएएचमध्ये लिहिलेली असते. किमान ५००० असावी, ६००० मिळाल्यास बरे. पण नुसत्या या आकड्यावर भुलू नये.

२) प्रोसेसर. हा फोनचा मेंदू. तो किती नॅनोमीटरचा, ते दुकानदाराला विचारा. साधारणपणे आकडा जितका लहान, तितकी त्याच कामाला वीज कमी. जुन्या बनावटीच्या १२ पेक्षा ६ किंवा ४ चा बरा.

३) रॅम. रॅम म्हणजे खळे. खळे ऐसपैस असेल तर भारे एकदम मांडता येतात. अरुंद असेल तर एक उचलल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही. ई-मेल लिहिता लिहिता सातबारा बघायला गेलात आणि परत आल्यावर ई-मेल पुन्हा पहिल्यापासून उघडू लागला, तर रॅम कमी पडली समजा. ६ जीबी तरी घ्यावी, ८ असल्यास उत्तम. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणून सांगतात ती साठवणीतून उसनी घेतलेली जागा. तिचा वेग खऱ्या रॅमचा नसतो, ती हिशोबात धरू नये.

४) पडदा. १२० हर्ट्झचा पडदा गुळगुळीत चालतो, पण वीज जास्त खातो. तो ६० वर आणता येतो ना, ते बघावे. अमोलेड पडद्यावर काळा भाग उजळतच नाही, म्हणून त्यावर काळी पार्श्वभूमी ठेवली की बचत होते.

५) टिकाऊपणा. बॅटरी किती वेळा भरल्यावर मंदावते, ते विचारावे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, की ८०० वेळा भरल्यावरही ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. फोनवर बँकेचे व्यवहार होतात, म्हणून सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार तेही विचारा. बिल घ्या. दुरुस्तीची सोय कुडाळ-कणकवलीत आहे की नाही, याची चौकशी आधीच करा.

ई-मेल असा मांडून घ्या

बॅटरी सेव्हर चालू केला की पडद्यामागची कामे थांबतात आणि ई-मेल उशिरा येतो. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन ई-मेलच्या अ‍ॅपला सूट द्या. खेळ, व्हिडिओ यांना मात्र सूट देऊ नका.

तौक्ते विसरू नका

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खांब पडले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. मुंबईतल्या चाकरमान्यांना घरची खुशाली कळेना. टॉवरच बंद असेल तर कोणताही फोन निरुपयोगी. पण टॉवर सुरू होईल त्या घडीला आपला फोन जिवंत हवा. पडलेल्या कलमांचे फोटोही त्यावरच काढायचे असतात.

म्हणून वादळाचा इशारा मिळताच फोन आणि पॉवर बँक दोन्ही भरून ठेवा. रेंज नसेल तेव्हा एअरप्लेन मोड लावा. १०००० ची पॉवर बँक ५००० चा फोन दोनदा भरील असे वाटते, पण वाटेत वीज वाया जाते. प्रत्यक्षात दीड वेळेच्या आसपास भरतो. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक बघूनच ती घ्यावी.

निगा

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. होडीच्या फळीवर, गाडीच्या काचेखाली उन्हात फोन ठेवू नये. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवल्यास बॅटरी जास्त वर्षे टिकते. आयपी ६८ लिहिलेला फोनही गोड्या पाण्यात तपासलेला असतो, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. चार्जिंगचे भोक ओले असताना वायर कधीही लावू नये.

दुकानात जाण्याआधी

जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडा. दिवसभरात कोणत्या अ‍ॅपने किती टक्के खाल्ले, ते तिथे दिसते. तीन दिवस ते वहीत लिहा. कदाचित एखादे नको ते अ‍ॅप काढून टाकले की जुनाच फोन दिवेलागणीपर्यंत टिकेल आणि पैसे खतापाण्याला उरतील. नाहीच टिकला, तर ती वही घेऊन दुकानात जा. दुकानदार सांगेल तो फोन घेऊ नका, आपला दिवस मागेल तो घ्या.